फुंकणीचा टोला

११ सप्टेंबर १९७७

आज तक्तपोशीच्या फळ्यांतून माती चहात पडली. या घराला हे नवं नाही. माझ्या पुस्तकांत माती, अंथरुणात माती, धुतलेल्या धोतरावर माती. पण आजची पडली ती पाहुण्याच्या कपात. वाचनालयाचे चिटणीस आले होते. त्यांनी बोटाने ती बाजूला केली आणि म्हणाले, "चालतंय हो सर, पेठेतलीच माती की!"

डिसेंबरातल्या व्याख्यानमालेचं निमंत्रण होतं. विषय 'मोकळा कंठ'. आणीबाणी उठल्यापासून जो तो बोलत सुटला आहे. ज्यांनी तेव्हा तोंडात मिठाची गुळणी धरली होती, तेही आता बिंदू चौकात सिंहासारखे गर्जतात. आणि मी, ज्याच्या सभेला लोक चिरमुऱ्याची पुडी बांधून येत, तो सगळ्यांना 'घसा बसलाय' म्हणून परत पाठवतो आहे. घसा ठणठणीत आहे. पुढच्या सोप्यात उभा राहतो, 'मित्रहो' म्हणतो आणि पुढचं वाक्य येत नाही.

आज ती माती पाहिली आणि कारण सापडलं. ही जागाच तशी आहे. काळवंडलेली तक्तपोशी, हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, दुपारीही दिवा लावावा असा उजेड. असल्या बिळात राहून मोकळ्या कंठाची भाषा कोण करील? माणूस जिथं उभा राहतो ती जागा त्याच्या शब्दांत उतरते. मी आयुष्यभर जुन्या भिंती पाडा म्हणून ओरडलो आणि स्वतः आजोबांच्या भिंतीआड बसलो!

चिटणिसांना म्हटलं, येतो. आणि घर पाडतो. दुसरं वाक्य त्यांना कळलं नाही.

१४ सप्टेंबर

आकाराम गवंडी येऊन घर बघून गेला. माणूस मोठ्या आवाजाचा, तोंडात कायम पान. बेत असा ठरला: तक्तपोशी आणि कौलं उतरवायची, विटांचे खांब उभे करून वर स्लॅब टाकायचा. सोपा आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत काढायची, म्हणजे एक मोठा दिवाणखाना होईल. स्वयंपाकघर मागे परसाकडे सरकवायचं, मध्ये नवी विटांची भिंत.

"मधली भिंत कशाला काढताय, मास्तर?" तो म्हणाला. "पांढऱ्या मातीची हाय. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. आन् आवाज पितीया."

"म्हणूनच काढायची," मी म्हटलं.

त्या भिंतीत एक दिवळी आहे, दिव्याच्या कोनाड्यासारखी, पण आरपार. त्याने तिच्यात हात घालून पाहिला. "ही वो कशाला?"

"चहा यायचा."

पलीकडे चूल. श्यामला, माझी बायको, चुलीपुढं बसल्या जागेवरून दिवळीतून कप सरकवायची. दिवळीशेजारी भिंतीत एक लाकडी खांब आहे. स्वयंपाक झाला की ती फुंकणीने त्या खांबावर ठोकायची. 'टक्'. मी इकडे ऐन भरात असायचो. लोकशाहीच्या गळ्याला फास बसतो आहे आणि पलीकडून टक्, भाकरी तयार! कितीदा चिडलो असेन.

सभाबंदी आली तेव्हा मी भाषणं सोप्यात करू लागलो. वेळ ठरलेली, संध्याकाळी दिवेलागणीला. समोर कोणी नाही. मी भिंतीकडे बघून बोलायचो आणि पलीकडे श्यामला भाकऱ्या थापायची. तिला राजकारणात रस नव्हता. गेल्या वर्षीच्या आषाढात ती गेली. सभाबंदी उठली ती तिच्यानंतर.

असो. भिंत काढायची.

२ ऑक्टोबर

गारगोटीहून आक्का आली. माझी थोरली बहीण. एस.टी.तून उतरली तीच तोंड सोडून.

"पित्रात घर उकरतोस व्हय रं आण्णा? लोकं पित्रात खिळा मारत न्हाईत भिंतीला!"

मी तिला बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. मेलेलं माणूस उरत नाही. उरतात फक्त जिवंतांच्या खोड्या. पंधरा दिवस जेवायला येणारे पितर वर्षभर उपाशी राहतात का? चार्वाकापासून सुरुवात केली. इराणातल्या अग्निपूजकांपर्यंत आलो. बऱ्याच दिवसांनी शब्द सुटत होते.

आक्काने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "झालं? आता मीठ कुठं ठेवलंस सांग."

आकारामाचं मत विचारलं, तर म्हणाला, "मला काय, पितर तुमचं. माझं पितर बी गवंडीच हुतं, त्यास्नी धुरळ्याची सवय हाय. पर मास्तर, पावसाचं बघा. अजून गेल्याला न्हाय."

पाऊस हे निमित्त. या देशात प्रत्येक अंधश्रद्धेला एक हवामान असतं.

४ ऑक्टोबर

गुरुवारी अविधवा नवमी. नवऱ्याआधी गेलेल्या बायकांचा दिवस. त्या दिवशी एक सवाष्ण जेवायला घालतात. आक्का दबकत दबकत म्हणाली, "माईचं पान वाढूया का?" श्यामलेला सगळी पेठ माई म्हणायची.

मी नाही म्हटलं. मग बाहेर जाऊन आकारामाला सांगितलं, मधली भिंत गुरुवारीच पाडायची. त्याच दिवशी. माणसाची खरी परीक्षा त्याच्या स्वतःच्या घरात होते. दुसऱ्याच्या अंगणातले देव फोडणारे पुष्कळ असतात!

आक्का परसातल्या पडवीत तीन दगडांची चूल मांडून बसली.

६ ऑक्टोबर

भिंत पडली.

सकाळी आधी कौलं आणि तक्तपोशी उतरवली. वर आभाळ दिसलं. मग पहारी भिंतीला लागल्या. माती दगडासारखी. आकाराम म्हणाला, "माईंचा हात फिरलाय दर दसऱ्याला, म्हनून एवढी घट्ट झालीया." खरं आहे. दसऱ्याआधी ती पांढरी माती आणि शेण कालवून सगळी भिंत सारवायची. भिंतीचा पापुद्रा सुटला की आत दुसरा, त्याच्या आत तिसरा. प्रत्येकावर बोटांचे अर्धवर्तुळाकार फराटे. आकारामाची माणसं ते फावड्याने ओढत होती. मी बाहेर कट्ट्यावर जाऊन बसलो, धूळ फार होती.

दुपारी धोंडुबाई आली. पलीकडच्या बोळात तिचा गोठा आहे, आमचं दूध तिच्याकडचं. ती जेवायलाच आली होती. आक्काने माझ्या नाकावर टिच्चून सवाष्ण सांगितली होती. पडवीत पान मांडलं होतं, त्यात श्यामलेची आवडती गवारीची भाजी. मी बघून न बघितल्यासारखं केलं. पाहुणं घरात आलेलं उठवणं हे माझ्या कुठल्याच तत्त्वात बसत नाही.

भिंत नाही हे पाहून धोंडुबाई उंबऱ्यातच थबकली. "आगं बया! आता मास्तरांस्नी थांबवायचं कुणी?"

"म्हणजे?" मी विचारलं.

"माई ठोकायच्या न्हवं खांबावं."

"ते जेवायला बोलवायला," मी म्हटलं.

ती हसली. "जेवायला बोलवायला माई दारात यायच्या की वो. फुंकणी हातात यायची ती तुमच्यासाठनं. मी दूध घालाय आली की चुलीपाशी टेकायची घटकाभर. तुमचं तिकडं चाललेलं. माई पीठ मळायच्या थांबून ऐकायच्या. एकदम म्हनायच्या, 'ऐकलंस? आता लोकांशी न्हाईत बोलत, सोताशीच बोलाय लागलं.' आन् द्यायच्या टोला!"

आक्का पदर तोंडाला लावून हसू लागली. आकारामही हसला. मी म्हटलं, जेवून घे, गार होतंय.

मुद्दाम लिहून ठेवतो की यात तथ्य नाही. श्यामला चौथीपर्यंत शिकली होती. वक्तृत्वाचं शास्त्र हे शास्त्र आहे. मी ग्रीकांपासून सगळे वक्ते वाचले आहेत.

तो टोला पडला की मी चिडून थांबायचो, जेवायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करायचो, तेव्हा तो भाग बहुधा यायचाच नाही. विसरून जायचो. हा निव्वळ योगायोग.

आकारामाने विचारलं, खांबाचं काय करू? लाकूड चांगलं आहे. मी म्हटलं, घेऊन जा. पाहिलंही नाही.

९ ऑक्टोबर

पाऊस आला. पूर्वेकडून, ढोल वाजवत. डोक्यावर छत नाही. पुस्तकांवर ताडपत्री टाकली, मी तिच्याखाली, आक्का पडवीत. विटांच्या थप्प्यांवरून लाल पाणी वाहत होतं.

आकाराम ताडपत्रीचं एक टोक उचलून म्हणाला, "पितर न्हवं मास्तर. हस्ताचा पाऊस हाय."

२३ ऑक्टोबर

विटांचे खांब उभे राहिले. पडवीत बसून भाषणाला सुरुवात केली. कागदावर चांगलं उतरतं आहे. 'कंठ हा केवळ अवयव नाही, तो नागरिकत्वाचा पुरावा आहे.' हे वाक्य वाचून मीच चकित झालो. आक्काला वाचून दाखवलं. तिने वाटाणे सोलता सोलता "बरं हाय" म्हटलं. पुढची दोन पानंही वाचून दाखवली. "बरं हाय." आणखी एक. "ते बी बरं हाय."

सगळंच बरं आहे म्हणणाऱ्या माणसापुढं बोलणं फार कठीण.

६ नोव्हेंबर

स्लॅब टाकून झाला. सकाळपासून बायकांची रांग, डोक्यावर घमेली, शिडीवरून वर आणि खाली. आकाराम वरून असा ओरडत होता की त्याला एखादं व्याख्यान द्यायला हवं. संध्याकाळी गूळ-खोबरं वाटलं. आक्काने स्लॅबच्या कोपऱ्यात नारळ ठेवला. ठेवू दिला.

वर मातीचे वाफे करून पाणी साठवलं आहे. घराच्या डोक्यावर तळं. सिमेंटला असं भिजत ठेवलं की ते पक्कं होतं, आकाराम सांगतो. माणसांना उलटं असतं.

११ नोव्हेंबर

दिवाळी. आक्काने परसात एकच पणती लावली. मग विचारलं, "घरात कुठं लावू? दिवळी तर एक बी ऱ्हाईली न्हाय."

खरंच की. नव्या घराला दिवळ्या नाहीत. भिंती सपाट.

२७ नोव्हेंबर

स्लॅबखालच्या सेंट्रिंगच्या फळ्या निघाल्या, गिलावा झाला, चुन्याचा हात झाला. आत पाऊल टाकलं आणि खरंच दिपलो. केवढा उजेड! केवढी जागा! वर एकही फट नाही, मातीचा कण पडायची सोय नाही. आकाराम कंबरेवर हात ठेवून उभा. "आता बोला मास्तर. धा हजार लोकांची सभा बसंल हितं."

तो गेल्यावर मधोमध उभा राहिलो. "मित्रहो!"

मित्रहो मित्रहो मित्रहो. चारी भिंतींनी परत फेकलं. पुढचं वाक्य टाकलं, ते मागच्या वाक्याच्या अंगावर जाऊन पडलं. जोर केला तर जोराने परत आलं. सबंध दिवाणखाना माझ्याच आवाजाने भरला आणि मला माझाच शब्द कळेना.

तरी बोलत राहिलो. संपूर्ण भाषण. कोणी अडवलं नाही. संपलं तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं आणि आक्का दारात भांडं घेऊन उभी होती. म्हणाली, "कवाधरनं हुबी हाय. मधी कुठं थांबतोस का बघत हुते."

२८ नोव्हेंबर

आकारामाला बोलावलं. खोली घुमते म्हणून तक्रार केली.

"घुमणारच की. सिमिट हाय. सामान आलं, मानसं आली की कमी हुईल."

मी म्हटलं, तो जुना खांब कुठे आहे? दिवाणखान्यात कुठेतरी उभा करता आला असता, शोभेला.

त्याने डोकं खाजवलं. "त्यो धोंडुबाईनं न्हेला न्हवं. म्हशीला खुंट पायजे हुता."

म्हैस! एका वक्त्याच्या घरातला खांब! मी हसलो. आकारामही हसला, पण माझ्याकडे बघून लगेच थांबला.

२९ नोव्हेंबर

दूध आणायला स्वतः गेलो. घरात बसून अंग जड झालं आहे, तेवढंच चालणं.

खांब गोठ्यात डावीकडे पुरला आहे. म्हैस त्याला अंग घासत उभी होती. धोंडुबाई धार काढत होती. उगाच जवळ गेलो. पूर्वी भिंतीत असायचा तेव्हा त्याची पलीकडची बाजू मी कधी पाहिली नव्हती. एका ठिकाणी लाकूड खोलगट झालं आहे. नीट पाहिलं तर लहान लहान गोल खुणा, फुंकणीच्या तोंडाएवढ्या, एकीत एक अडकलेल्या. काही उथळ, काही खोल. खोल त्या बहुधा मी फारच सुटलो असेन तेव्हाच्या. म्हणजे, धोंडुबाईचं म्हणणं खरं धरलं तर.

करंगळी एका खुणेत बरोबर बसते.

"न्हेताय काय परत?" धोंडुबाईने विचारलं.

"म्हैस कुठे बांधशील?"

"ते बी खरंच. रुळलीया आता त्येला." चरवीत धार वाजत होती. ती म्हणाली, "माईंनी एकदा आख्खं ऐकलं हुतं बगा. एकदा बी ठोकलं न्हाय. त्यो कुठला गिरनी कामगार का कोन मेलता इचलकरंजीला, त्याच्यावर तुम्ही बोलला हुता. भाकरी करपली तव्यावं. मी म्हनलं, माई, करपतीया! तर म्हनाल्या, करपू दे."

ते भाषण मला आठवतं. छोटं होतं. त्या दिवशी जेवताना करपलेल्या भाकरीवरून मी तिला बोललो होतो.

७ डिसेंबर

रोज दूध मीच आणतो. आक्काला आश्चर्य वाटतं.

भाषण छाटायला घेतलं आहे. 'नागरिकत्वाचा पुरावा' काढलं. वाक्य देखणं आहे, पण ते वाचताना मला कोणी समोर दिसत नाही. त्याच्यामागचं पानही काढलं. कुठं थांबायचं ते मात्र ठरत नाही. एक परिच्छेद वाचतो आणि मान तिरकी करून बसतो. काही येत नाही. बाहेर भंगारवाला ओरडतो, तेवढंच.

१४ डिसेंबर

व्याख्यान झालं.

मंडप भरला होता. पहिल्या रांगेत वकील-डॉक्टर, मागे तालमीतली पोरं, बायकांच्या बाजूला आक्का आणि धोंडुबाई. 'मित्रहो' म्हटलं आणि शब्द आले. आले म्हणजे काय, घोडे सुटावेत तसे आले. टाळ्या पडू लागल्या. मी छाटलेलं सगळं परत तोंडात येऊ लागलं, नागरिकत्वाचा पुरावा, ग्रीस, रोम. मी कसा वाकलो नाही. मी कसा एकटा भिंतींपुढे बोलत राहिलो. मी, एकटा...

आणि थांबलो. कोणी थांबवलं नाही. ऐकत होतो. सगळा मंडप मला ऐकत होता आणि मी दुसरंच काही ऐकत होतो. किती वेळ ते माहीत नाही. माझं तोंड उजवीकडे होतं. तिथे नुसती कनात होती, वाऱ्याने हलत होती.

मग लोकांकडे वळून म्हटलं, "एकटा नव्हतो. भिंतीपलीकडे कोणीतरी ऐकत होतं. तुमच्याही भिंतीपलीकडे असेल. बोलत राहा." एवढंच सुचलं. बसलो.

चिटणीस म्हणाले, "सर, एवढं आखूड भाषण तुमचं कधी ऐकलं नव्हतं. लोक उठायला तयार नाहीत." टाळ्या पुष्कळ पडल्या. ऐकत होतो ते त्यांत नव्हतं.

परत येताना रिक्षात आक्का म्हणाली, "मान दुखाय लागली आसंल तुझी. सारखा एकाच अंगाला बघत हुतास."

धोंडुबाई आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती. उतरताना एकदम म्हणाली, "आज भाकरी करपली आसती, मास्तर."

१८ डिसेंबर

आक्का उद्या गारगोटीला जाते. आज सकाळीच आकारामाला बोलावून घेतलं. दिवाणखाना आणि मागचं नवं स्वयंपाकघर यांच्यामधली विटांची भिंत दाखवली. म्हटलं, हिच्यात एक दिवळी पाड. आरपार.

"आता? गिलावा हुन म्हैना झाला न्हाय!" मग तो स्वयंपाकघरात डोकावला. ओटा, नळ, स्टोव्ह. आक्काचं बोचकं बांधून दाराशी ठेवलेलं. आवाज उतरवून म्हणाला, "मास्तर, पलीकडं कोन बसनार हाय?"

"हवा खेळेल," मी म्हटलं.

त्याने पान थुंकलं, छिन्नी-हातोडा काढला. "बरं. उंची किती घिऊ?"

माझ्याजवळ माप नव्हतं. स्वयंपाकघरात गेलो. नव्या फरशीवर, जिथं चूल मांडली असती तिथं, मांडी घालून बसलो. आक्का बघत राहिली. उजवा हात भिंतीकडे लांब केला. जिथं बोटं टेकली तिथं आकारामाने पेन्सिलीने खूण केली.